मांडवा ते रत्नागिरी: सायकल, चार खाड्या आणि एक निवेदन

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "कोकणचा किनारा सायकलवरून" असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? एआयवर बोल ना." एआयवर बोलणारे आज आपल्यात निदान दहा जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा आत्मविश्वासाने बोलतील. मला ज्याबद्दल खरंच काही सांगायचं आहे ते हे.

आपल्या वर्गाचा हजेरीपट आठवून बघा. सावंत, मोरे, पवार, जोशी, पाटील, कदम, गुरव. निम्म्याहून जास्त जणांचं गाव कोकणात. मे महिना आणि गणपती म्हणजे मुलुंडहून रात्रीची एस. टी., कशेडी घाटातली वळणं, खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणं आणि ज्याला लागायचं त्याच्या मांडीवरची प्लास्टिकची पिशवी. पहाटे डोळे उघडले की महाड नाहीतर चिपळूण. तिथून आत आपल्या गावाला. म्हणजे आपल्या सगळ्यांना आपापलं गाव माहीत, पण शेजारच्या खाडीपलीकडचं गाव माहीत नाही. माझंही तेच होतं. माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. समोरचं दाभोळ मी चाळिशीपर्यंत फक्त किनाऱ्यावरून पाहिलं होतं.

याचं कारण नकाशात आहे आणि ते इंजिनिअरिंगचं कारण आहे, म्हणून मला आवडतं. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. मुखापाशी पूल बांधायचा तर लांब आणि महाग. तीच नदी तीस-चाळीस किलोमीटर आत गेलं की अरुंद होते आणि तिथे पूल स्वस्तात होतो. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबर आणि आताचा ६६, महाड-खेड-चिपळूणवरून आतून गेला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. त्याआधीच्या काळात किनाऱ्याला आगबोट होती. आपले आजोबा भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांत उतरायचे. तो प्रवास सुखाचा होता असं नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पण तेव्हा किनारा हा हमरस्ता होता. बोटी बंद झाल्या, रस्ता आणि रेल्वे आतून गेली आणि ही बंदरं मुख्य वाटेवरून बाजूला पडली. किनाऱ्याने राहिले ते गावागावाला जोडणारे एकेरी-दुहेरी डांबरी रस्ते. ते खाडीपर्यंत येतात आणि पाण्यापाशी संपतात. पुढे तर घ्यायची, म्हणजे होडी किंवा आता फेरीबोट.

सायकलवाल्याला याहून चांगली गोष्ट नाही. ज्या रस्त्याचा शेवट पाण्यात होतो त्या रस्त्यावरून ट्रक जात नाहीत.

मी सायकल चालवायला लागले २०१६ मध्ये. पाठ दुखत होती, दिवसाला दहा तास खुर्चीत बसणं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहीतरी करा. आधी मुलुंडहून येऊरपर्यंत, मग घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत. हायवेवरचा धूर खाऊन कंटाळले, तेव्हा ऑफिसमधल्या एका कोकणवासी सहकाऱ्याने सांगितलं, "रोरोने मांडव्याला उतर आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालव." आजवर यापेक्षा चांगली सूचना मला कुठल्याही नकाशाने दिलेली नाही.

आता मार्ग सांगते. ज्यांना जायचं आहे त्यांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी झोपायला हरकत नाही, भूगोलाच्या तासाला तशी सवय आहेच.

मुलुंडकराला किनाऱ्यावर पोचायला दोन वाटा. एक ऐरोली पुलावरून, पाम बीच, उरण, करंजा आणि तिथून लाँचने रेवस. कागदावर ही सोपी वाटते. प्रत्यक्षात उरणच्या रस्त्यावर बंदराच्या कंटेनरचे ट्रेलर असतात आणि त्यांच्या चाकांशेजारून सायकल चालवणं मला पटत नाही. दुसरी वाट म्हणजे पहाटे साडेचारला निघून पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपर, चेंबूर, वडाळा करत भाऊचा धक्का. तिथून २०२० पासून मांडव्याला मोटारी नेणारी रोरो बोट आहे. सायकल आत उभी करायची, वर जाऊन चहा प्यायचा. तासाभरात मांडवा. मी हीच वाट सांगते.

मांडवा, अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरुड. समुद्र छान, सुरूची झाडं छान, पण खरं सांगायचं तर हा टप्पा शांत नाही. शनिवार-रविवारी अर्धी मुंबई इथे असते आणि गाड्या चालवताना तिच्या अंगात शुक्रवार संध्याकाळचा हायवे असतो. म्हणून आम्ही गुरुवारी निघतो. मुरुडला मुक्काम. धक्क्यापर्यंतचं धरून दिवसाचे शंभरेक किलोमीटर होतात.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला पहिली खाडी. वाहनं नेणाऱ्या चपट्या फेरीबोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरलं की बंदराच्या ट्रकचा एक छोटा तुकडा सहन करायचा. तो संपला की दिवेआगर, आणि तिथून सुरू होतो माझ्या मते महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर सायकलचा रस्ता: दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडी आणि आरावीवरून. वीसेक किलोमीटर. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे डांबर. डिसेंबरमध्ये सकाळी आठ वाजता या वीस किलोमीटरमध्ये मला भेटलेल्या वाहनांची नोंद माझ्याकडे आहे: एक एस. टी., दोन मोटारसायकली, एक टेम्पो बर्फ घेऊन.

शेखाडी हे नाव काही जणांना वेगळ्या कारणाने आठवलं असेल. आपण नववीत होतो. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले, शाळा लवकर सुटली आणि घरून कोणी ना कोणी न्यायला आलं. त्यातली काही स्फोटकं आदल्या महिन्यात याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली होती. पहिल्यांदा मी तिथे थांबले तेव्हा पाणी प्यायले, केळं खाल्लं आणि हे लक्षात आलं. रस्ता निर्मनुष्य आहे हे तेव्हा कोणाच्या तरी सोयीचं ठरलं होतं. तेव्हापासून मी "किती शांत, किती शांत" म्हणताना जरा दबकून म्हणते.

श्रीवर्धन हे पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव आणि रोठा सुपारीचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं ते याच पट्ट्यावर. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे तिथल्या वाड्यांमध्ये अजूनही वर पाहिलं की आभाळ जास्त दिसतं. पूर्वी त्या रस्त्यावर दुपारीही सावली असायची असं वाडीवाले सांगतात.

हरिहरेश्वरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडायची. पलीकडे वेसवी, रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू. वेळ असेल तर आधी बाणकोटचा किल्ला आणि वेळास. नाना फडणवीसांचं वेळास ते हेच. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं आणि आता पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. पिल्लांचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून, म्हणजे सायकलला ऊन चढायला लागतं तेव्हा. दोन्ही साधायचं तर पहाटे लवकर उठावं लागेल.

पुढे केळशीला जाताना भारजा नदीच्या खाडीसाठी आत मांदिवलीपर्यंत वळसा आहे. केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरुड. हे दुसरं मुरुड, महर्षी कर्व्यांचं. नकाशात नुसतं "मुरुड" टाकलंत तर मागे जंजिऱ्याला घेऊन जाईल. आमच्या गटातल्या एकाने या मुरुडऐवजी त्या मुरुडात खोली आरक्षित केली होती. तो आज हजर आहे, नाव सांगत नाही.

चौथ्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. धक्क्याच्या जवळ आदिलशाही काळातली मोठी मशीद आहे, ती बघावी. मग वाशिष्ठीची खाडी, धोपावे, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. पाचव्या दिवशी तवसाळहून जयगडची खाडी. जयगडला वीजप्रकल्प आणि बंदर आहे, तिथे पुन्हा थोडे ट्रक. मग गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारेचा चढ, जिथे डोंगरावरून दोन किनारे एकदम दिसतात. रत्नागिरी. एकूण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. परत यायला रेल्वे, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये.

अंतर ऐकून कोणी म्हणेल, पाच दिवसांत एवढंच? आता चढाबद्दल बोलते. समुद्रकिनारा म्हणजे सपाट, असं आपल्याला वाटतं. कोकणात गाव असतं समुद्रसपाटीला, खाडी असते समुद्रसपाटीला आणि त्या दोघांच्या मधे असतो जांभ्या दगडाचा सडा, शंभर-दीडशे मीटर उंच. गावातून निघालं की चढ, सड्यावर वारा आणि वाळकं गवत, मग उतार, मग गाव, की पुन्हा चढ. रस्त्याचा उंचीचा आलेख काढला तर करवतीसारखा दिसतो. माझ्या उपकरणाने पाच दिवसांचा एकूण चढ पाच हजार मीटर दाखवला. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे समुद्रापासून मोजलं तर तीन कळसूबाई, तीही सामान बांधून.

यात एक गंमत माझ्या धंद्यातली. ही उपकरणं आणि अॅप उंची कुठून आणतात? बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीतून. त्यात जमिनीचे चौकोन पाडलेले असतात, नव्वद किंवा तीस मीटरचे, आणि एका चौकोनाला एकच उंची. सपाट प्रदेशात चालतं. पण शेखाडीला कडा आणि समुद्र यांच्यामधे रस्ता जेमतेम पाच-सात मीटर रुंद. त्याच्या चौकोनात अर्धा डोंगर येतो. म्हणून रस्ता सपाट असताना आलेखात सुळके दिसतात आणि नवखा माणूस घाबरून बेत रद्द करतो. दुसरं, नकाशात फेरीबोटीची रेघ नसेल तर अॅपला खाडी ओलांडता येते हेच कळत नाही. ते तुम्हाला दाभोळहून धोपाव्याला जायला खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटर फिरवतं, जिथे पाण्यातून दहा-पंधरा मिनिटं लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर अशी रेघ कोणालाही काढता येते. मी माझ्या वाटेवरच्या रेघा तपासते, जेटी हलली असेल तर दुरुस्त करते. नोकरीत केलेल्या कुठल्याही कामापेक्षा या कामाचे आभार मला जास्त मिळाले आहेत, आणि तेही अनोळखी लोकांकडून.

वाऱ्याचं मात्र अॅपपेक्षा आपल्या भूगोलाच्या बाईंकडून जास्त शिकले. खारे वारे आणि मतलई वारे. पाठ केलं होतं, चार गुण मिळवले होते, विसरले होते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, थंड आणि हलका. अकराच्या सुमारास पडतो. मग दुपारी खारा वारा सुरू होतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला जात असाल तर दुपारी, दमलेल्या वेळी, वारा पाठीला. उलट दिशेने आलात तर तोंडावर. म्हणून मुंबईहून रत्नागिरी, रत्नागिरीहून मुंबई नाही. बाई इथे बसल्या आहेत. बाई, ते चार गुण आता पुरते वसूल झाले.

आता ज्यासाठी मी एवढा वेळ मागितला त्या गोष्टीकडे येते.

केळशीजवळच्या एका घरी आम्ही जेवायला थांबलो होतो. भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. कोकणात हॉटेल शोधायचं नाही, आदल्या दिवशी फोन करून घरी जेवण सांगायचं. जेवताना आम्ही सगळे सुरात बोलत होतो, काय शांत गाव, काय शांत रस्ता. वाढणाऱ्या काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटतंय हो, तुम्ही सोमवारी परत जाणार. आमच्याकडे रात्री कोणाला छातीत दुखलं तर दापोली गाठेपर्यंत आम्ही देवाचं नाव घेत बसतो." आवाजात तक्रार नव्हती. वाढता वाढता म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे गेल्या.

मला माझी मावशी आठवली. १९८६ सालची गोष्ट. तिचं पहिलं बाळंतपण, रात्री त्रास सुरू झाला. खाडीपलीकडे दाभोळला न्यायचं ठरलं, तिथून पुढे गाडी करून दापोली. ओहोटी होती. होडी गाळात. भरती चढेपर्यंत तीन तास मावशीला किनाऱ्यावर खाटेवर ठेवलं होतं. मावशी वाचली, मूल नाही. घरात ही गोष्ट आजी कधीमधी सांगायची आणि प्रत्येक वेळी तिथेच थांबायची. गाडी नेणारी फेरीबोट तिथे २००३ मध्ये सुरू झाली. आज त्याच पाण्यावर मी सायकल टेकवून फोटो काढते, आणि फोटोखाली "शांतता" असं लिहायला हात धजत नाही.

म्हणून जेव्हा सायकलवाल्यांच्या गटात कोणी म्हणतं की हे पूल व्हायलाच नकोत, कोकण बिघडेल, तेव्हा मी त्यात सामील होत नाही. पूल व्हायला हवेत. रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे १९८० च्या आसपासची. अंतुले सावित्रीकाठच्या आंबेतचे, खाडीचा वळसा म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बागमांडल्याची तर बंद असली की आजही आंबेतच्या पुलावरूनच फिरून जावं लागतं. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हा मार्ग हाती घेतला आहे, जवळपास पाचशे किलोमीटरचा, आणि मोठ्या खाड्यांवर पूल होणार आहेत. आपण आज ज्या चार खाड्यांबद्दल बोललो त्या सगळ्या त्यात येतात.

पण पूल झाला म्हणजे रस्ता बिघडलाच, हेही खरं नाही. रत्नागिरीच्या पुढे जाऊन बघा. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, आचरा, सगळीकडे खाडीवर पूल आहेत. पावसहून पूर्णगडला जाताना दहा मिनिटं वाहन दिसत नाही असं आजही होतं. पूल साधे, दोन गाड्यांपुरते. रस्ता गावाच्या मापाचा. त्यामुळे अॅम्ब्युलन्स जाते, एस. टी. जाते, माणूस चालत जातो, सायकल जाते. बिघडतं ते पुलावरून कोण जाऊ शकतं हे आधीच ठरवून टाकल्यामुळे. आपल्या मुंबईतच बघा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा रस्ता, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू. यांतल्या एकावरही सायकल चालत नाही, मोटारसायकलही नाही. वेगवान गाड्यांसाठी बांधले, ठीक आहे, तिथे मी भांडत नाही. पण उद्या बाणकोटच्या खाडीवर तसाच पूल झाला आणि तो झाल्यावर फेरीबोट परवडेना म्हणून बंद पडली, तर वेसवीच्या ज्या माणसाकडे मोटार नाही, त्याने पलीकडे बागमांडल्याच्या बाजाराला कसं जायचं? आज तो काही रुपयांच्या तिकिटात जातो. कोळणी टोपल्या घेऊन जातात. शाळेची मुलं जातात. सायकलवाली मी वर्षातून एकदा जाते, माझा प्रश्न सर्वांत छोटा आहे.

आपल्यापैकी निदान पंधरा जण बांधकाम, रस्ते, पूल यांच्याशी संबंधित नोकरीत आहेत. त्यांना माहीत आहे की पुलाच्या कडेला दोन मीटरचा पदपथ आराखड्यात असताना घालणं आणि पूल झाल्यावर जोडणं, यात किती फरक असतो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. सुरुवातीला विचारलं तर एक ओळ, नंतर विचारलं तर सहा महिने. त्यामुळे विचारायची वेळ आत्ता आहे, कामं अजून वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत तोवर.

आम्ही काही जणांनी महामंडळाला द्यायचं निवेदन तयार केलं आहे. दीड पान आहे, मुद्दे तीनच. खाडीवरच्या प्रत्येक नव्या पुलाला कठड्याच्या आत चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी असावी आणि तिथून जायला बंदी नसावी. नवा रुंद मार्ग जिथे जुन्या रस्त्यापासून वेगळा जाईल तिथे जुना गावरस्ता आहे त्याच रुंदीत ठेवून त्याची देखभाल चालू राहावी, विशेषतः दिवेआगर-श्रीवर्धन आणि आरे-वारे. आणि पूल सुरू झाल्यावर निदान काही वर्षं तरी फेरीबोट बंद होऊ नये. निवेदनात "पर्यटन" हा शब्द आम्ही मुद्दाम एकदाच वापरला आहे. केळशीच्या काकूंनाही वाचून दाखवलं. त्यांनी दापोलीच्या अॅम्ब्युलन्सचं वाक्य पहिलं घ्यायला सांगितलं, ते घेतलं आहे.

मागून कोणीतरी केव्हापासून हात वर करून विचारतंय, सायकल कुठली घ्यायची. महागडी नको. मागे मोठ्या चक्राचा हलका गिअर असलेली, टायर निदान ३२ मिलिमीटरचे, कारण सड्यावर डांबर उखडलं की जांभ्याची खडी असते. रोज संध्याकाळी साखळी गोड्या पाण्याने धुवून पुसून तेल द्यायचं, खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते. आणि बायकांनी विचारायचा पण न विचारलेला प्रश्न: स्वच्छतागृह. एस. टी. स्टँडवर विसंबू नका. देवळाच्या भक्तनिवासात, ग्रामपंचायतीत किंवा कोणाच्याही घरी सरळ विचारा. आठ वर्षांत मला एकदाही कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा पिऊन निघावं लागतं.

या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी निघतोय. ज्यांना पाच दिवस जमणार नाहीत त्यांनी हरिहरेश्वरपर्यंत यावं, तिथून श्रीवर्धनला जाऊन मुंबईची एस. टी. मिळते. निवेदनाचा कागद बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. सही करताना गावाचं नाव आणि तालुकाही लिहा, त्यासाठी वेगळा रकाना केलाय. पेन दोन आहेत, दोन्ही परत करा.